निशाणी डाव्या हाताचा अंगठा

या पानावर जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवांच्या, सीमाभागातल्या मराठी शाळांच्या आठवणी मी नेहमी वाचतो. आज मी अंगठ्याविषयी लिहिणार आहे. विषय ऐकून हसाल, पण शेवटपर्यंत वाचा. अडतीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, आणि त्यात थोडी कबुलीही आहे.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्या पेन्शनच्या शाखेत गेलो. आम्हा पेन्शनरांचं हे वार्षिक व्रतच आहे. 'मी जिवंत आहे' हे दरवर्षी सिद्ध करायचं. काउंटरवर धारवाडकडची एक हुशार मुलगी होती. तिनं बोटांचे ठसे घ्यायचं ते छोटं यंत्र पुढं केलं. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल दिवा. मग तर्जनी, मग मधलं बोट. तिनं ओलं फडकं दिलं, बोटं पुसली, परत ठेवली. सगळं तेच. सत्तरी उलटली की कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा झिजतात, हे मला ऐकून माहीत होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र कानशिलं तापली. मागं रांगेत ओळखीचे चौघे उभे होते.

ती मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, तुम्ही आमच्याच बँकेचे, मी ओळखते तुम्हाला. पण सिस्टीम घेत नाही, मी काय करू?"

शेवटी तिनं मोबाइलवर माझा चेहरा घेतला, डोळे मिचकवायला सांगितले आणि मी जिवंत ठरलो. दहा मिनिटांत काम झालं, तक्रार काहीच नाही. पण तिचं ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं. कारण ते वाक्य माझंच होतं. चाळीस वर्षांपूर्वी मी ते एका म्हातारीला ऐकवलं होतं, फक्त तेव्हा 'सिस्टीम'च्या जागी 'नियम' हा शब्द होता.

१९८४ साल. खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी अकाउंटंट होतो. बिऱ्हाड शाखेच्या मागच्याच गल्लीत. जंगलाकडच्या एका खेड्यातनं एक आज्जी आठवड्यातनं दोनदा दह्याचं गाडगं घेऊन यायची. आमच्याकडं चार वर्षं तिचंच दही. आमच्या शाखेत तिचं बचत खातंही होतं, अंगठ्याचं. ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना माहीत आहे, पुरुषाचा डावा अंगठा आणि बाईचा उजवा अशी रीत. पासबुकावर फोटो, नमुन्याच्या कार्डावर उजव्या अंगठ्याचा ठसा.

एके दिवशी ती बँकेत आली ती उजव्या अंगठ्याला चिंधी बांधून. गवत कापताना विळा लागला होता. नातवाचा एसएसएलसीचा फॉर्म भरायचा होता, फीची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. तिनं डावा अंगठा पुढं केला. मी म्हणालो, कार्डावर उजवा आहे, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार आणा.

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "सायेब, चार वर्सं माझ्या हातचं दही खाता की. मी मीच हाय म्हणून सांगायला आता कुणाला आणू?"

मी म्हणालो, "आज्जी, मी तुम्हाला ओळखतो हो. पण नियम आहे, मी काय करू?"

तिची एसटी दोनला होती. ती गेली. तिसऱ्या दिवशी गावच्या पंचायतीच्या एका मेंबराला आणि आणखी एकाला घेऊन आली. दोघांचं एसटीचं भाडं आणि चहापाणी तिनंच केलं. नातवाच्या फॉर्मला लेट फी लागली. महिन्याभरानं अंगठा बरा झाल्यावर ती परत आली आणि खात्यातले सगळे पैसे काढून घेऊन गेली. तीनशे-साडेतीनशे रुपये असतील. दही मात्र बंद केलं नाही. पहिल्यासारखंच मापून घालायची, पण बँकेत पुन्हा पाय ठेवला नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं काम चोख केलं. इन्स्पेक्शनला कोणी बोट ठेवू शकणार नाही. निवृत्तीनंतर मात्र तो प्रसंग आठवला की प्रश्न पडायचा. जिला मी रोज बघत होतो तिच्यावर मी अविश्वास कुठून आणला? तो माझा स्वभाव नव्हता, मला तो शिकवलेला होता. मग वाचत गेलो. लायब्ररीतली पुस्तकं, इंटरनेट, जे मिळालं ते. इंग्रजांनी मागं काय ठेवलं याची यादी आपण करतो तेव्हा रेल्वे, पोस्ट, इंग्रजी, क्रिकेट, कोर्टकचेरी हे सगळं येतं. माझ्या मते त्यांचा सगळ्यांत टिकाऊ वारसा या यादीत कधी येतच नाही. तो म्हणजे सरकारनं आपल्या माणसाकडं आधी संशयानं बघायची सवय. आणि ती सवय जगभर नेणारं त्यांचं एक साधन आपल्या हाताच्या टोकालाच आहे.

आधी आपल्याकडं काय होतं ते सांगतो. आमच्या घरात पणजोबांच्या आधीच्या काळातला एक मोडी कागद आहे. जाणत्या माणसाकडनं वाचून घेतला तर खाली साक्षीदारांत एकाच्या नावापुढं 'निशाणी नांगर' आणि नांगराचं छोटं चित्र. ज्याला लिहिता येत नसे तो अशी निशाणी करायचा. शेतकऱ्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी, कारागिराचं त्याच्या धंद्याचं हत्यार. कागद पुढं वाचला जायचा, गावकीसमोर व्हायचा, आणि ओळख पटवायची ती माणसांनी. हे फार छान होतं असं मी म्हणत नाही. गावानं ओळखलं नाही तर तुम्ही कुणीच नाही. त्यात जात होती, दांडगाई होती, खोटे कागदही पुष्कळ व्हायचे. पण त्या निशाणीत माणूस काय करतो हे तरी दिसायचं.

पुढं 'निशाणी' हा शब्द तसाच राहिला आणि मजकूर झाला 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. हा बदल कुठं झाला त्याची तारीख-जागा सापडते.

१८५८ चा जुलै. सत्तावन्नचं बंड नुकतंच चिरडलेलं. बंगालमध्ये जंगीपूर इथं विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक कंत्राटदाराबरोबर रस्त्याच्या खडीचा करार केला. कोनाईला लिहिता येत होतं, करार बंगालीत लिहिलेला होता. तरीही हर्शेलनं त्याच्या तळहाताला शाई लावून कागदामागं अख्ख्या पंज्याचा ठसा घेतला. का, तर हा माणूस पुढं 'ही सही माझी नाही' म्हणू नये. त्याला दचकवावं, हा आपला हेतू होता, असं हर्शेलनंच नंतर लिहून ठेवलं आहे. शास्त्र नंतर आलं.

पुढं १८७७ साली हर्शेल हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्यानं बोटांचे ठसे सरकारी कामात आणले. कुठल्या कामात? कैदी, दस्तांची नोंदणी, आणि पेन्शनर! पेन्शनर मेल्यावर नातेवाईक त्याच्या नावावर पैसे उचलतात अशी शंका, म्हणून जिवंतपणीच ठसा घेऊन ठेवायचा. मी हे वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला. गेल्या नोव्हेंबरात मी ज्या यंत्रावर चार बोटं घासत होतो त्याचा मूळपुरुष हुगळीच्या कचेरीत, पेन्शनरांच्या रांगेतच सापडला. जवळजवळ दीडशे वर्षं झाली, रांग अजून तीच आहे.

मग बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री आले. लाखो ठसे गोळा केले तर हवा तो शोधायचा कसा, हा खरा प्रश्न होता. तो सोडवण्यात मोठा वाटा होता त्यांच्या हाताखालच्या दोन हिंदी माणसांचा, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. दहा बोटांच्या ठशांवरनं १०२४ कप्पे पाडायची युक्ती निघाली. आम्हा कॉमर्सवाल्यांना लेजरचं फोलिओ कळतं, तसंच हे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डनं ते १९०१ मध्ये उचललं. पद्धतीला नाव मिळालं 'हेन्री पद्धत'. हक आणि बोस यांना पुढं खानबहादूर, रायबहादूर हे किताब आणि थोडे पैसे मिळाले.

इथपर्यंत कुणी म्हणेल, यात वाईट काय? गुन्हेगार सापडायला लागले, निरपराध सुटायला लागले. खरं आहे. पण या पद्धतीबरोबर आणखी एक गोष्ट चालली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यानं सरकारला अख्खी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायचा अधिकार दिला. हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही पुरता आला. नावं नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. काही केलं असो वा नसो. आपल्या भागात पारधी, कैकाडी, भामटा, बेरड अशा कितीतरी जमातींवर हा शिक्का बसला. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथं त्यांच्या वसाहती केल्या, काही ठिकाणी तारेच्या कुंपणात. त्यांना 'सेटलमेंट' म्हणत.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षं हा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. शब्द मात्र गेला नाही. माझी हुबळीला बदली होती तेव्हा एक तरुण खातं उघडायला आला, पत्ता 'सेटलमेंट'. फॉर्म बरोबर, ओळख देणारा खातेदार बरोबर. तरी आमच्यातले एक ज्येष्ठ हळूच म्हणाले, "जरा बघून घ्या हं." काय बघायचं होतं? त्या तरुणाचा जन्मच कायदा रद्द झाल्यानंतरचा होता. मी खातं उघडलं, पण त्याचे कागद दोनदा तपासले. बाकी कुणाचे मी दोनदा तपासत नव्हतो.

आता जरा बाहेर बघू, कारण हे साधन आपल्याकडनं जगभर गेलं. १९०० साली हेन्रींना दक्षिण आफ्रिकेत पाठवलं, जोहान्सबर्ग-प्रिटोरियाचं पोलीस दल उभं करायला. काही वर्षांतच ट्रान्सव्हाल सरकारनं हिंदी लोकांवर नोंदणीचा नवा वटहुकूम आणायचं ठरवलं. त्यात ठसे देणं सक्तीचं होतं. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा झाली आणि तिथं लोकांनी हा कायदा पाळणार नाही अशी शपथ घेतली. ज्याला आपण सत्याग्रह म्हणतो त्याची सुरुवात इथली. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी बोटांचा ठसा आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी कधी वाचलं नव्हतं.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि माझ्या दृष्टीनं सगळं मर्म त्यात आहे. १९०८ च्या जानेवारीत स्मट्सबरोबर तडजोड झाली की लोकांनी आपखुशीनं नोंदणी करायची आणि सरकारनं सक्तीचा कायदा मागं घ्यायचा. गांधीजींनी ते मान्य केलं. नोंदणीला निघाले तेव्हा रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला, हल्ला करणारा त्यांच्याच ओळखीचा, या तडजोडीवर चिडलेला. जखमी अवस्थेत, अंथरुणावर पडून त्यांनी ठसे दिले. म्हणजे ठशाचा विटाळ त्यांना नव्हता. 'तू गुन्हेगार असशील म्हणून दे' या सक्तीला त्यांचा विरोध होता. पुढं सरकारनं कायदा मागं घेतला नाही, आणि १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या लोखंडी कढईत नोंदणीचे दाखले जाळले गेले. हेच गांधीजी १९२४ साली आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष होते. टिळकवाडीतनं जाताना मी आजकाल ती कढई आठवतो.

हिंदी लोक त्यामानानं थोडके होते. खरा भार पडला तो तिथल्या काळ्या माणसांवर. पास बाळगायचे कायदे इंग्रजी अमलात पक्के झाले होतेच, वर्णद्वेषी सरकारनं १९५२ साली त्यांची एकच वही केली, ज्यात फोटो, नोकरीची नोंद, ठसे. वही जवळ नसली की तुरुंग. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली.

केनियातही तेच झालं. १९१५ साली कायदा, १९२० च्या सुमारास अंमल. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषानं 'किपांडे' नावाचा कागद बाळगायचा. त्यावर ठसे, मालकाचं नाव, पगार. कागद एका धातूच्या डबीत घालून गळ्यात लटकवायचा. गोऱ्या मालकानं 'सोडला' अशी नोंद केल्याशिवाय दुसरीकडं काम धरता येत नसे. आपण गुरांच्या गळ्यात लोढणं बांधतो ना, तसं. १९२२ साली या सगळ्याविरुद्ध बोलणाऱ्या हॅरी थुकूला अटक झाली, नैरोबीत लोक जमले, गोळीबार झाला. केनिया स्वतंत्र होऊन साठ वर्षं झाली. तिथं आजही साध्या ओळखपत्राला लोक बोलताना किपांडे म्हणतात. आपल्याकडं सेटलमेंट, तिकडं किपांडे.

आता इंग्लंडचं स्वतःचं बघा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या लोकांना ओळखपत्रं दिली, त्यात बोटांचे ठसे नव्हते. युद्ध संपल्यावर लोक कुरकुरायला लागले. एका माणसानं पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी पोलिसांनाच चार शब्द सुनावले, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत सरकारनं ती ओळखपत्रं रद्द केली. एकाच १९५२ सालात आपल्याकडं गुन्हेगार जमाती कायदा गेला, दक्षिण आफ्रिकेत पासाची वही आली, आणि इंग्रज माणूस कार्डापासून मोकळा झाला.

२००६ साली त्यांनी बोटांच्या ठशांसह ओळखपत्राचा कायदा केला. लोकांना तो रुचला नाही. सरकार बदललं आणि २०१० च्या डिसेंबरात तो कायदा रद्द झाला, जमवलेली माहितीही नष्ट केली. त्याच २०१० च्या सप्टेंबरात आपल्याकडं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, तेही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तिकडं तो वाद अजून अधूनमधून उफाळतो, ते त्यांचं ते बघतील. मी एवढंच बघितलं की काही वर्षांनी मुलाकडं इंग्लंडला जायचं म्हणून व्हिसासाठी गेलो तेव्हा माझी दहाच्या दहा बोटं काचेवर ठेवून घेतली. बाजूला सौ. होती, तिचीही. ती हसून म्हणाली, "अहो, आपण काय चोरी केलीय?" मीही हसलो. राज्यधर कोनाईचा पंजा मला तेव्हा माहीत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, काका, मग काय बँका अंगठ्याशिवाय चालवायच्या? आधार फेकून द्यायचं? तसं मी म्हणत नाही. अंगठ्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. दीर-भावजयीच्या भांडणात विधवेचे पैसे दुसऱ्यानं उचलू नयेत म्हणून तोच ठसा तिच्या कामी आलाय. बोगस खाती, मेलेल्या माणसांच्या नावावरची पेन्शनं हे सगळं खरं असतं. हर्शेलची शंका अगदीच निराधार नव्हती. माणूस ओळखायला साधन लागतं, आणि एवढ्या मोठ्या देशात आज्जीचं दही खाऊन ओळख पटणार नाही.

माझं म्हणणं साधन चुकलं तर काय, याबद्दल आहे. ठसा जुळला नाही की आपण धरून चालतो की माणूस खोटा आहे, यंत्र खोटं असेल हे मनातच येत नाही. आणि ज्यांचे ठसे जुळत नाहीत ते कोण असतात? म्हातारे, शेतमजूर, गवंडी, वीटभट्टीवरची माणसं, दिवसभर भांडी घासणाऱ्या बाया. ज्यांनी हातांनी कष्ट केले त्यांच्याच रेषा झिजतात. ऑफिसात बसलेल्याचा अंगठा लगेच जुळतो. रेशनच्या दुकानातनं असा एखादा माणूस हात पुसत परत जाताना तुम्हीही कधी पाहिला असेल.

आणि मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे, की नियमांत वाट होती. इंग्रजांनीच केलेल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की ज्याला लिहिता येत नाही त्याची साधी खूण म्हणजेच सही. बँकेच्या परीक्षांसाठी मी हे पाठ केलं होतं. आजारी किंवा अपंग खातेदाराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर त्याहून पुढं जातात. हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचा चालतो, नाहीतर नुसती खूण. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणजे अधिकाऱ्यानं 'मी या माणसाला ओळखतो' म्हणणं नियमात बसतं. त्या दिवशी मी आणि आमचे हेडकॅशियर, आम्ही दोघे तिला ओळखत होतो. कुणाला बाहेरनं आणायची गरज नव्हती. मी सही केली असती तर काम झालं असतं. केली नाही, कारण उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको. नियमाचं नाव पुढं केलं आणि भीती मागं लपवली.

इंग्रज अधिकाऱ्याला माणसं ओळखूच येत नव्हती. परका होता, भाषा अर्धवट, सगळे चेहरे त्याला सारखे दिसायचे. त्याचा संशय मी समजू शकतो. माझी काय अडचण होती? मी तिच्याच भाषेत बोलत होतो. राज्य त्यांचं गेलं, खुर्चीवर मी बसलो आणि नजर त्यांचीच ठेवली. आपण मराठीत निरक्षर माणसाला 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवतो. जुनी नांगराची निशाणी करणाऱ्याला असं हिणवलेलं मी तरी कुठं वाचलं नाही.

म्हणून माझी तीन साधी मागणी आहेत, बँकेकडं, रेशन दुकानाकडं, सरकारी कचेरीकडं. एक, ठसा जुळला नाही म्हणून कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवू नये, दुसरी सोय त्याच खिडकीवर, त्याच दिवशी असावी. माझ्यासाठी चेहऱ्याची सोय होती, ती गावातल्या शेवटच्या माणसालाही मिळावी. दोन, नाकारायचंच असेल तर कारण लिहून, सही करून द्यावं. लेखी द्यायचं म्हटलं की निम्मे नकार आपोआप गळतात, हा माझा अनुभव आहे. तीन, ओळखणाऱ्या कर्मचाऱ्यानं 'मी ओळखतो' असं लिहिलं तर पुढं काही झाल्यास त्याला फाशी देऊ नये. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांतला फरक बँकेला कळतो, तसा तो कागदावरही असावा.

आणि आपल्यासारख्या घरांसाठी एक. आपली मुलं-नातवंडं आज बँकांत, कचेऱ्यांत, कंपन्यांत आहेत. कुणी काउंटरवर बसतंय, कुणी त्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितंय. त्यांना एवढं सांगा की समोरचा माणूस खरा आहे असं धरून सुरुवात कर, खोटा निघाला तर बघून घेऊ.

ती आज्जी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली असतील. तो नातू एसएसएलसी पास झाला होता, हे मला तिनंच दारात पेढा देताना सांगितलं. पेढा मी घेतला. 'त्या दिवशी माझं चुकलं' एवढं म्हणायचं राहून गेलं, ते आज इथं लिहितो.